शेवरीची हजेरी

बाईंनी मला आयुष्यभर एका गुणाबद्दल नावाजलं. तो गुण माझ्यात नव्हता. हे मी त्यांना एकदा सांगितलंही. पण जिला सांगायला हवं होतं तिला सांगायचं राहून गेलं. आणि ‘राहून गेलं’ म्हणतानाही मी स्वतःला जरा सवलतच देतो आहे. टाळलं, हे खरं. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याची एक सोय असते, त्याचं लपवणंसुद्धा लोकांना स्वभाव वाटतो.

बाई म्हणजे माझ्या पनवेलच्या घरमालकीण. मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरात त्या एकट्या आणि त्यांची कुत्री. मी माणदेशातला, मिठाच्या कचेरीत कारकून म्हणून नवा लागलेला. त्यांची रस्त्याकडची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेलो, तर खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला ओसरीवर उजेडात बसवलं आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मान खाली करा."

मी केली. त्यांनी दोन बोटांनी माझे केस दुभागले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"कोंडा आहे. तेल लावता का?"

"लावतो की."

"कधी?"

"दिवाळीला."

"खोली मिळेल," बाई म्हणाल्या, "पण तेल रोज लावायचं."

शाळेत असताना दर शनिवारी त्या मुलींची डोकी तपासायच्या. अभ्यास झाला नाही तर चालायचं, पण उवा चालायच्या नाहीत. त्या मुली पुढे मोठ्या झाल्या, आया झाल्या, तरी आमच्या ओसरीवरून जाताना त्यांचा हात आपोआप अंबाड्याकडे जायचा. गावातली एक मोठ्या अधिकाऱ्याची बायको, चांगली जाडजूड, कानात हिऱ्याच्या कुड्या. ती तर डोक्यावरून पदर घेऊन झपाझप जायची. बाई वर न बघता म्हणायच्या, "तू पदर घेतलास, म्हणजे आज विंचरलेलं नाहीस."

शाळा सुटली, पण बाईंची शनिवारची सवय सुटली नाही. ती मग कुत्रीच्या वाट्याला आली, आणि रोजची झाली.

कुत्री पांढरीशुभ्र पामेरियन. माथेरानच्या एका बंगल्यातली मडम देश सोडून गेली, तेव्हा तिथल्या माळ्याने हे पिल्लू टोपलीत घालून खाली पनवेलला आणलं होतं. माळ्याची मुलगी बाईंच्या हाताखालून गेलेली, म्हणून टोपली थेट बाईंकडे आली. शेवरीच्या झाडावरचं बोंड फुटून कापूस बाहेर यावा तशी ती दिसायची, म्हणून तिचं नाव शेवरी.

चहा झाला की ओसरीवर हजेरी लागायची. हा बाईंचाच शब्द. शाळेतलं एक जुनं स्टूल होतं, त्यावर शेवरी स्वतःहून चढायची आणि मान वर करायची. बाई आधी नुसती बोटं फिरवायच्या, गुंता कुठे आहे ते चाचपायच्या. मग रुंद दातांची लाकडी फणी. तीही वरवर नाही. एका हाताने केस उलटे धरून, कातडीपासून सुरुवात करून, एकेक थर खाली सोडत यायच्या. कानामागे आणि पुढच्या पायांच्या काखेत गुंते व्हायचे. त्यांना कात्री लावायची नाही असा नियम होता. खोबरेल तेलाचा एक थेंब आणि बोटं.

"कात्री म्हणजे आळशी आईचं काम," त्या म्हणायच्या. हे त्यांचं वाक्य मी पहिल्याच महिन्यात ऐकलं होतं, ही गोष्ट पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

अंघोळ क्वचित. आपल्या इकडची हवा दमट, केस आतून ओला राहिला की कातडीला फोड येतात, म्हणून अंघोळीनंतर जुन्या लुगड्याने टिपून टिपून तास तास कोरडं करत बसायच्या. आणि वर्षातून दोनदा, थंडी सरताना आणि पावसाळा संपताना, शेवरीचा आतला मऊ केस गठ्ठ्यागठ्ठ्याने गळायचा. तेव्हा फणीला कापूस लागायचा. बाई तो फेकायच्या नाहीत. काथ्याच्या एका टोपलीत घालून टोपली मेंदीच्या कुंपणावर अडकवायच्या, आणि चिमण्या-बुलबुल येऊन तो घरट्यांसाठी घेऊन जायचे.

बेलपाड्याहून एक आगरीण मासळीची पाटी घेऊन आळीत यायची. ती ओसरीपुढे थांबून म्हणायची, "काय गो बाय, कुत्री हाय का पिंजाऱ्याचं दुकान?"

"केस गळतो म्हणजे मागून दुसरा येतोय," बाई म्हणायच्या. "तुझा गळत नाही का?"

"माजा काय ऱ्हायलाय गळायला!"

सगळे हसायचे. मी हसत नसे. कारण गळलेल्या केसांपैकी टोपलीत जेवढे जायचे, तेवढेच माझ्या खोलीत यायचे. अंथरुणावर केस, कचेरीच्या कागदांवर केस, आमटीत केस. माझ्याकडे एकुलता एक काळा कोट होता, तो मी खुंटीवर उलटा टांगायचो, धोतरात गुंडाळून ठेवायचो, तरी घालायला काढला की त्यावर पांढरी रांगोळी. मी बाईंना कधी काही बोललो नाही. माझ्या न बोलण्याला त्या समजूतदारपणा म्हणायच्या. आतल्या आत मी त्या कुत्रीचा मनापासून राग राग करत होतो.

आणि मग पेणचं प्रकरण झालं. पेणला मी मुलगी बघायला गेलो होतो. एस.टी.त बसायच्या आधी कोट झटकला, उतरल्यावर झटकला. पोहे झाले, चहा झाला, सगळं बरं चाललं होतं. एवढ्यात मुलीचे मामा माझ्या शेजारी सरकले आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून एक लांब पांढरा केस चिमटीत उचलून उजेडात धरला.

"मुलाचा केस तर काळा दिसतो. मग हा कुणाचा?"

"घरमालकिणीची कुत्री आहे," मी म्हणालो.

"अस्सं. स्वयंपाकघरातही येते का?"

आतल्या बायका हसल्या. आत उभी असलेली मुलगीही हसली, ते मी ऐकलं. नकार यायचा तसा आला. नकाराचं कारण खरंतर काहीही असू शकेल, आज कळतं. तेव्हा मला एकच कारण दिसत होतं, आणि ते स्टुलावर मान वर करून बसलेलं होतं.

त्याच उन्हाळ्यात बाई चार दिवस उरणला गेल्या, एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी बारशाला. शेवरीला माझ्यावर सोपवून गेल्या. "तुम्ही आहात म्हणून जाते हो, मीठवाले," त्या म्हणाल्या. मिठाच्या कचेरीमुळे त्या मला मीठवाले म्हणायच्या.

आमच्या घरामागे शेतं होती. घाटावरचे धनगर उन्हाळ्यात मेंढरं घेऊन खाली उतरतात, त्यांचा एक कळप त्या शेतात बसला होता आणि मेंढरं कातरण्याचं काम चाललं होतं. मी माणदेशातला. मेंढरांची कातरणी बघत लहानाचा मोठा झालो. कातरलेलं मेंढरू कसं हलकं होऊन उड्या मारतं ते मला ठाऊक होतं. पुढे लोकांना सांगायला कारण तिथेच तयार मिळालं.

मी शेवरीला काखेत मारून शेतात गेलो. धनगर आमच्याच बाजूचा निघाला. त्याने तिच्या अंगावरून हात फिरवला.

"सायेब, ह्ये मेंढरू न्हाय. ह्याचं केस निराळं हायती."

"उन्हाळ्याचा त्रास होतो तिला. कातर."

"मालकीण?"

"मीच बघतो तिचं सगळं."

"तुमी आपल्याकडचं, म्हनून करतो बघा," म्हणून त्याने कात्री उचलली.

मला विसरायचं असतं ते एवढंच. शेवरी घाबरली नाही. तिला वाटलं, विंचरणंच चाललंय. बाई सांगायच्या तशी तिने मान वर केली.

काम झाल्यावर मी पाहिलं, तर हातात एक गुलाबी, काटकुळं, अनोळखी जनावर होतं. पांढरा ढीग मेंढरांच्या लोकरीत मिसळून गेला होता. तिने उड्या मारल्या नाहीत. घरी येऊन खाटेखाली शिरली ती बाहेर येईना. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढून ओसरीवर आणलं, बांधलं आणि कचेरीत गेलो. परत येईपर्यंत तिच्या पाठीवर उन्हाने लाल चट्टे उठले होते. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली; आणि खरं सांगायचं तर तीही तिच्यासाठी नव्हती, बाई परत येणार म्हणून होती.

बाई आल्या. दारातच थबकल्या. "हे कोण आलंय?" त्यांनी विचारलं. मग शेवरीने शेपटी हलवली आणि त्या पायरीवर बसल्या.

माझं वाक्य पाठ होतं. "उन्हाळा फार होता हो. सारखी धापा टाकत होती. माझ्याच्याने बघवेना."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडणाऱ्या माणसापुढे खोटं टिकतं आणि मनही शांत राहतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या कधी लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "एवढी विंचरत होते रोज, तिला उकडत असेल हे काही सुचलं नाही मला. तुम्हाला सुचलं."

गुरांचा डॉक्टर आला. त्याने चट्टे पाहिले, मलम दिलं, आणि बाईंना जरा रागानेच विचारलं, "उन्हाळ्यात तुम्ही घरावरची कौलं काढून ठेवता का? ऊन बाहेर राहावं म्हणूनच तो केस असतो."

"परत येईल ना?"

"या जातीचं सांगता येत नाही. कधी येतो, कधी येत नाही. कधी वरचा राठ केस येतो, आतला मऊ येतच नाही. तसं झालं तर जन्मभर तिला उन्हा-पावसाला जपावं लागेल."

"चूक माझी आहे," बाई डॉक्टरला म्हणाल्या. "मीच वेळेवर लक्ष दिलं नाही. यांना बिचाऱ्यांना दया आली तिची." मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी चहानंतर बाईंनी स्टूल मांडलं.

"आता काय विंचरायचंय?" मी विचारलं.

"डोकं भादरलं म्हणून मुलीचं नाव हजेरीतून काढत नाहीत," त्या म्हणाल्या. पण उघड्या कातडीवर त्यांच्याने फणी फिरवेना. मी ती त्यांच्या हातातून घेतली. फणी बाजूला ठेवून मऊ फडक्याला तेलाचं बोट लावून फिरवायला लागलो. त्या दिवसापासून हजेरी माझ्याकडे आली.

ते वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बाईंनी मलमलीची जुनी लुगडी फाडून शेवरीला झबली शिवली. गळ्याला नाडी, पोटाशी नाडी. आळीतली पोरं म्हणायची, शेवरी बाळंतीण झाली. पावसाळ्यात शेगडी पेटवून मी तिला लांब धरून शेकवायचो, म्हणजे कातडी ओली राहू नये. बेलपाड्याची आगरीण तर हट्टालाच पेटली.

"बाय, हिला मावऱ्याची डोकी घाला. केस कसा नाय येत ते बघू."

"मासे? माझ्या घरात?"

"घरान नको, ओसरीवर शिजवा. तुमी नको खाव. कुत्रीला काय सोवळं हाय?"

मग ओसरीच्या कोपऱ्यात वेगळी चूल, वेगळं पातेलं. बाई नाकाला पदर लावून, तोंड रस्त्याकडे करून, लांब पळी धरून माशांची डोकी ढवळायच्या. येणारा-जाणारा थांबायचा. "काही विचारू नका," बाई पदराआडून म्हणायच्या. "पोरीच्या केसांसाठी आई काहीही करते."

आणि थांबणाऱ्या प्रत्येकाला त्या माझी गोष्ट सांगायच्या. माझा भाडेकरू कसा मुक्या जनावराचं दुःख ओळखतो. कचेरीतून आल्याबरोबर हातपाय धुऊन कसा तिच्यापाशी बसतो. बसत होतो, हे खरं. का बसत होतो, ते मला माहीत. लोक माझ्याकडे पाहून मान हलवायचे. शिव्या खाव्यात तसं मी ते कौतुक खात होतो.

दिवाळीच्या सुमारास केस दिसायला लागला. पण राठ, विरळ, नारळाच्या काथ्यासारखा. डॉक्टर बोलला होता तोच. आतला मऊ थर येतोय की नाही हे कळायला एकच मार्ग होता, तो गळायला हवा. थंडी सरायला लागली तसे आम्ही दोघं रोज फणी उजेडात धरून बघायचो. फणी स्वच्छ. ज्या केसांनी मला जीव नकोसा केला होता, त्यातला एक, फक्त एक लागावा म्हणून मी फणीकडे डोळे लावून बसत होतो. बाई रोज तसंच म्हणायच्या, "उद्या," आणि स्टूल आत नेऊन ठेवायच्या. कुंपणावरची रिकामी टोपली त्यांनी काढली नव्हती. चिमण्या येऊन तिच्यात डोकावून जायच्या.

एक दिवस, पळस फुलायला लागले होते तेव्हा, पोटाच्या बाजूने फणी ओढताना ती किंचित जड लागली. उजेडात धरली. दातांमध्ये चिमूटभर पांढरा कापूस होता.

"बाई," मी म्हणालो. आणि फणी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी पाहिलं, आणि ती साठी उलटलेली बाई अनवाणी रस्त्यात गेली. "गळला! अगं, गळला! शेवरीचा केस गळला!" दारादारांत बायका आल्या. कुणाचा केस गळला म्हणून आळीने आनंद केल्याची ही पहिलीच वेळ असेल.

परत येऊन त्या दम खात बसल्या. तो कापूस त्यांनी टोपलीत टाकला आणि म्हणाल्या, "आता आणखी एक काम उरलं. उरणला माझी एक विद्यार्थिनी आहे. बारशाला गेले होते ना, तिची धाकटी बहीण. तुमच्याबद्दल बोलून ठेवलंय मी. म्हटलं, बाकी पगार-बिगार काय ते बघा, पण मुक्या जिवाची इतकी दया असणारा माणूस मिळायचा नाही."

फणी माझ्या हातात होती. ते खोटं मी इथे थांबवलं नसतं, तर पुढे कधीच थांबवलं नसतं.

"बाई, दया नव्हती," मी म्हणालो. "राग होता."

आणि मी सांगितलं. कोट, पेण, मामांची चिमूट, आतलं हसणं, धनगराशी खोटं बोलणं, शेवरीने मान वर केली होती तेही. बाई ऐकत होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा मी बघत होतो. तो हळूहळू उतरला. शेवरी स्टुलावर दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"वर्षभर मी स्वतःला दोष देत होते, मीठवाले," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही देऊ दिलात."

"हो."

त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, खोली सोडायला सांगतील. बाहेर आल्या त्या तेलाची वाटी घेऊन. वाटी त्यांनी माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवली.

"आता पंचाईत अशी आहे, की मी सगळ्या पनवेलला सांगून बसले आहे. उरणलाही सांगितलंय. या वयात मला खोटी पाडू नका. व्हा आता तसे."

"आणि उरणला?"

"त्या पोरीला मी काही सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही सांगा. आधी हे कानामागचं बघा, गुंता राहिलाय."

उरणला मी गेलो. तोच काळा कोट. निघताना खांद्यावर आणि बाह्यांवर शेवरीचे केस होते, नवे, मऊ, भरपूर. सवयीने हात झटकायला गेला आणि तिथेच राहिला. त्या केसांची मी वर्षभर वाट पाहिली होती. तसाच गेलो. मुलीने चहा दिला, माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्यांच्याकडून होकार आला.

त्यानंतर सांगायला संधी पुष्कळ होत्या. पहिल्याच आठवड्यात सांगता आलं असतं. पण बायको मला पहिल्यापासून भला माणूस समजून वागत होती, आणि माणसाला भला समजलं की त्याला तसं वागायची सवय लागते, मोडवत नाही. शेवरी पुढे पुष्कळ वर्षं जगली. मागच्या मांडीवर एक चट्टा शेवटपर्यंत विरळ राहिला. रोज फणी तिथे आली की माझा हात हलका व्हायचा. बाईही गेल्या. त्यांची लाकडी फणी माझ्याकडे आहे आणि शेवरीची नात आमच्या ओसरीवर आहे. कुंपणावर टोपलीही आहे.

वरचं सगळं लिहून काल संध्याकाळी मी कागद हिच्या हातात दिले आणि समोर बसलो. ती एका हाताने कुत्रीला धरून वाचत होती. मध्ये एकदा तिने कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. धनगराची कात्री तिथे आली असणार. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून पाटावर ठेवले.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला वाटत होतं, मी बाईंच्या सांगण्यावरून हो म्हटलं?"

"मग?"

"बाई सगळ्यांनाच चांगलं म्हणायच्या हो. आमच्या शेजारच्या दारुड्यालासुद्धा म्हणायच्या, हाताखालून गेलेल्या मुलीचा नवरा म्हणून. त्यांचं कोण ऐकत होतं?" ती म्हणाली. "मी तुमच्या खांद्यावरचे केस बघत होते. म्हटलं, बघायला आलाय, कोट घालून आलाय, आणि केस झटकलेले नाहीत. याच्या घरात कुणीतरी याच्या अंगावर बसत असणार."

माझा हात आपोआप खांद्याकडे गेला.

"शेवरीच्या बाबतीत वाईटच केलंत तुम्ही," ती म्हणाली. मग फणी माझ्यापुढे केली. "घ्या. लिहीत बसलात, सकाळपासून ओसरीभर कापूस झालाय."

कुत्री स्टुलावर चढली आणि तिने मान वर केली.